सिस्टर वाट विचारतात

‘डोंगर कोणाच्या बापाचा नाही’ हे माझ्या पत्रकाचं पहिलं वाक्य होतं. ठळक अक्षरात, वर एकटं. सिस्टरांनी चष्मा लावून ते वाचलं आणि माझ्याच पेनानं खोडलं.

‘खोटं हाय हे,’ त्या म्हणाल्या. ‘डोंगर बापाचा असतोय. सातबाऱ्यावर नाव असतंय बापाचं. वाट बापाची नसती. तेवढं लिही. आन् त्याच्याखाली वाट कुठनं कुठं जाती ते लिही. मग काय शिव्या द्यायच्या त्या दे.’

मी तेव्हा कराडातल्या एका छोट्या संघटनेत काम करत होते. गायरानं, पाणंदी, डोंगरमाथे, जे जे सगळ्यांचं असतं आणि एके दिवशी गुपचूप एकाचं होतं, त्याच्यासाठी आम्ही बोंबलायचो. पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे. ‘जाहीर निषेध’ हे शब्द माझ्या हाताला इतके सवयीचे झाले होते की वाण्याच्या यादीतही येतील अशी भीती वाटायची. सिस्टर माझ्या घरमालकीण. मलकापुरात त्यांचं बसकं घर, वर पत्र्याची एक खोली, ती माझी. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, वय सत्तरीकडे झुकलेलं. भाजीवालीपासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांच्या त्या सिस्टरच. नाव काय, हे विचारायची कोणाला गरज पडली नव्हती.

दर रविवारी त्या डोंगरावर जायच्या. पांढरे कॅनव्हासचे बूट, दवाखान्यातलेच. शनिवारी संध्याकाळी खडूनं पांढरे करायच्या आणि रविवारी लाल करून आणायच्या. लुगड्याचा काष्टा नाही, पंजाबी ड्रेस नाही. साधी गोल साडी, पिना लावून घोट्याच्या वर घेतलेली. पाठीवर पिशवी. तीत भाकरी, ठेचा, पाणी आणि बँडेज. कराडच्या एसटी स्टँडवर उभं राहायचं, ज्या गाडीला गर्दी कमी त्या गाडीत बसायचं आणि ती गाडी नेईल तिथला डोंगर चढायचा. मला भाडेकरू म्हणून घेताना त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, ‘गुडघं कसं हायत तुझं?’ मला वाटलं, चौकशी करतायत. ती अट होती.

‘ट्रेक’ हा शब्द त्यांच्या घरात चालत नव्हता. एकदा वाई-पाचगणीच्या बाजूला एका पठारावर आम्हाला एकसारखे टीशर्ट घातलेला मोठा जथा भेटला. स्पीकर लावून नाचत होते. माझं डोकं फिरलं. मी तावातावानं वनकायदा सांगायला लागणार, एवढ्यात सिस्टर त्यांच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि वॉर्डातल्या आवाजात म्हणाल्या, ‘पेशंट झोपलाय. आवाज बंद करा.’

सगळं पठार गप्प झालं. एक पोरगा तर ‘सॉरी मॅडम’ म्हणून चप्पल हातात घेऊन चालायला लागला. कोण पेशंट, हे कोणीही विचारलं नाही.

पण त्यांना डोंगर पेशंटच वाटायचे, हे खरं होतं. पायथ्याच्या पहिल्या मोठ्या दगडावर त्या तळहात ठेवायच्या आणि निदान सांगायच्या. ‘अंगात कसकस हाय आज. दुपारच्या आत उतरायचं.’ त्यावर वाद नाही. निम्मी नोकरी कोयनानगरच्या बाजूला झालेली, तिथली जमीन हलते; ‘तिकडं डोंगर कूस बदलतोय’, असं त्या इतक्या काळजीनं सांगायच्या की जणू उशी सरळ करायला जायला हवं. खटाव-आटपाडीकडचे उघडे डोंगर त्यांच्या मते रक्त कमी असलेले. एखाद्या टेकडीची अर्धी कूस मुरमासाठी खणून नेलेली दिसली की त्या थांबायच्या, बराच वेळ बघायच्या. ‘भूल न देता कापलंय,’ म्हणायच्या. अशाच एका टेकडीवर मी दोन्ही बाजूंनी छापलेलं पत्रक काढलं होतं. त्यात हे वाक्य नव्हतं, आणि म्हणून त्यात काहीच नव्हतं.

माथ्यावर पोचल्या तरी सगळ्यांत उंच दगडावर त्या कधी उभ्या राहिल्या नाहीत. थोडं खाली बसायच्या. ‘डोस्क्यावर काय चढायचं कुणाच्या? खांद्यावर बसावं.’

आता खरी गंमत सांगते. इतके डोंगर चाललेल्या या बाईंना दिशा अजिबात कळत नसे. मी वाढवून सांगत नाही. एसटी स्टँडवर मुतारीतून बाहेर आल्या तरी त्या उलट्या बाजूला चालू लागायच्या. माझ्या फोनमध्ये नकाशा होता, पण तो काढायला बंदी.

‘फोनला इचारलं तर फोनला बरं वाटतंय का?’ त्या म्हणायच्या. ‘माणसाला वाटतंय. माणसालाच इचारावं.’

आणि विचारायच्या. भांगलणाऱ्या बाईला, बांधावरच्या म्हाताऱ्याला, चालत्या मोटारसायकलला हात करून तिच्यावरच्या जोडप्याला. ‘आवं आबा, वर जायाची वाट कुठनं?’ नुसतं ‘तिकडनं’ म्हटलेलं चालत नसे. समोरच्यानं हातातलं काम सोडून हात लांब करून दाखवेपर्यंत त्या हलायच्या नाहीत. पुढच्या वळणावर दुसरा माणूस, पुन्हा तोच प्रश्न. महिन्यापूर्वी त्याच वाटेनं, त्याच माणसाला विचारून गेलेलो असलो तरी.

औंधला यमाईच्या डोंगरावर गेलो होतो. देवीपर्यंत पायऱ्या आहेत. सिस्टरांचं मत, ‘पायऱ्या म्हंजे जिना. वाट न्हवं.’ म्हणून उतरताना त्यांनी दुसरीच बाजू धरली. मी सांगत होते, गाव मागं राहिलं. त्या म्हणाल्या, ‘तू गप. ह्या भागात मी लसी टोचल्यात.’ उतरलो ते एका कांद्याच्या वावरात. बायका कांदा काढत होत्या. सिस्टरांनी त्यातल्या थोरलीला विचारलं, ‘मावशी, औंधाला वाट कुठनं?’

मावशीनं कमरेवर हात ठेवून आम्हाला खालीवर बघितलं. मग आमच्याच मागच्या डोंगराकडे हात केला. ‘त्या डोंगराच्या पल्याड हाय औंध. तुमी तिकडनंच आलाय न्हवं?’

‘आलोय की,’ सिस्टर म्हणाल्या. ‘माघारी कसं जायाचं, ते इचारतीया.’

बायका वाफ्यात बसून हसल्या. मग त्यांच्यातच आमचं जेवण झालं. जेवल्यावर सिस्टरांनी एकेकीची पापणी खाली ओढून बघितली. ‘रक्त न्हाई तुझ्यात. शेवग्याचा पाला खा. तू पण. तुझा नवरा काय करतोय? त्याला सांग, सिस्टरनं सांगितलंय.’ एव्हाना औंधहून शेवटची गाडी गेली होती आणि त्याच मावशीच्या दिरानं आम्हाला ट्रॅक्टरवरून मोठ्या रस्त्याला सोडलं. मी रागानं ट्रॉलीच्या कोपऱ्यात तोंड फिरवून बसले. सिस्टर ट्रॉलीत उभ्या राहून दोन्ही बाजूंच्या डोंगरांना न्याहाळत होत्या, वरातीत बसल्यासारख्या.

बिरोबाचा डोंगर त्यांचा सर्वांत लाडका. विट्याच्या गाडीनं जायचं, मधेच उतरायचं आणि आत चालायचं. सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेवरचा डोंगर. किल्ला नाही, धबधबा नाही, त्यामुळे टीशर्टवाले नाहीत. पायथ्याला एक वाडी. वाडीतल्या बोळातून निघून, चिंचेखालून, एक ओघळ ओलांडून वाट वर जायची. माथ्यावर बिरोबाचं उघडं ठाणं आणि पलीकडे मोकळं कुरण. धनगरांची मेंढरं पिढ्यान्‌पिढ्या याच वाटेनं कुरणात चढत आली; खुरांनी खडकसुद्धा खोलगट झालेला.

वर गेलं की काय व्हायचं, ते मला पत्रकाच्या भाषेत सांगता येत नाही. वारा एवढा की बोलणं तोंडातून निघायच्या आधीच सांगली जिल्ह्यात जायचं. पिवळं गवत सगळं एका अंगाला झुकलेलं, साडीला आणि सलवारीला कुसळं, आणि चंडोल, एवढासा पक्षी, आभाळात उभा राहून जीव तोडून गातोय. एका हिवाळ्यात, ऊन नुकतं पसरत असताना, आमच्या समोरून लांडगा गेला. गवताच्याच रंगाचा. थांबला, वळला. शहाण्यासारखा कॅमेऱ्याकडे हात गेला, तो सिस्टरांनी धरला.

‘त्यानं बघून घेतलं आपल्याला,’ त्या हळू म्हणाल्या. ‘आता त्याला जाऊ दे.’

तो गेला. मी कितीतरी वेळ तिथंच उभी होते. चिडकी पोरगी मी, दिवसभर कोणावर ना कोणावर जळफळणारी. त्या सकाळी माझ्या डोक्यात एकही घोषणा नव्हती. नुसतं एवढं कळत होतं, की हे आहे आणि मी इथं आहे, आणि दोन्ही गोष्टींना कोणाची परवानगी लागली नाही.

त्याच दिवशी भाकरी खाताना मी विचारलं, ‘सिस्टर, खरं सांगा. तुम्ही मुद्दाम चुकता ना?’

‘न्हाई गं. चुकते ती खरीच चुकते.’ त्यांनी ठेच्याचं बोट चाटलं. ‘इचारायची मात्र चटक हाय मला. माझ्या आईला ती सोय न्हवती. आमी बौद्ध झालो ते कागदावर. गावात आईनं कुठल्या वाटेनं जायाचं ते गावच ठरवायचं. लांबनं इचारायचं, लांबनंच कुणीतरी सांगायचं, तोंड न दाखवता. मग माझी नोकरी लागली. पहिल्या आठवड्यात एका वाडीत जायाचं हुतं, वाट ठावं न्हाई. एक मोठं घर दिसलं. पांढरी साडी हुती अंगावर, म्हणून धाडस केलं, हाक मारली. घरातली मालकीण उंबऱ्याभाईर आली. पायरी उतरली. माझ्या शेजारी येऊन हुबी राह्यली आन् हात करून म्हणाली, ती बघा, त्या आंब्याकडनं.’

त्यांनी हातातली भाकरी खाली ठेवली.

‘शेजारी येऊन, बघ. खांद्याला खांदा लावल्याबिगर वाट नीट दावताच येत न्हाई माणसाला. तवापास्नं मी कुठं बी जाऊ, इचारल्याबिगर ऱ्हात न्हाई.’

मग पिशवी झटकून उठल्या आणि ठामपणे चुकीच्या बाजूला उतरायला लागल्या.

कुंपण आलं ते दिवाळीनंतर. दिवाळी झाली की धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात आणि पाऊस तोंडावर आला की परततात, हे इथल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. धनगर खिंड ओलांडून गेले आणि इकडे पायथ्याच्या जमिनीला तारेचं कुंपण, लोखंडी गेट, गेटावर ‘खाजगी मालमत्ता’ अशी पाटी. आत जेसीबी फिरवून वाट सपाट केली, तिच्यावर हिरवळ अंथरली आणि शोभेची ताडाची झाडं लावली. मालक पुण्याचा. वीकेंडचे बंगले काढून विकणार होता, डोंगराच्या देखाव्यासकट. हा मुहूर्त योगायोगानं साधला असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुढे वाचायचे कष्ट घेऊ नयेत.

आम्ही गेलो त्या रविवारी गेटावर वाडीतलाच तात्या होता, डोक्याला कंपनीची टोपी. इतकी वर्षं आम्हाला वाट दाखवणारा माणूस. ‘सिस्टर, आत सोडायचं न्हाई असं सांगितलंय,’ म्हणाला, आणि स्वतःच्या पायाकडे बघत राहिला. सिस्टर पुढं झाल्या. कुंपणाच्या तारेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. निदान सांगितलं नाही. त्या पहिल्यांदाच डोंगर न चढता परत आल्या, आणि त्या रविवारी त्यांचे बूट पांढरेच राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझं ते वाक्य खोडलं. बापाचं.

आम्ही तहसील कचेरीत अर्ज केला: पूर्वापार वहिवाटीची वाट अडवली आहे, मोकळी करून द्या. अर्जदार सिस्टर. मालकाचं उत्तर आलं, की अशी वाट कधी नव्हतीच. जनावरं वाटेल तिथून फिरत, त्याला वाट म्हणत नाहीत. आणि नकाशात दाखवा. नकाशात नव्हती. धनगरांच्या वाटा नकाशे काढणाऱ्यांना कधी दिसल्या आहेत? म्हणजे आता माणसांनी सांगायला हवं होतं. धनगर कोकणात. उरली वाडी.

वाडी बोलेना. मी घरोघर फिरले. कोणाचा पोरगा बंगल्यावर गवंड्याच्या हाताखाली, कोणाची सून तिथं झाडलोटीला, कोणाला विहिरीला मदत करायचा शब्द दिलेला. भिंतीला टेकून तंबाखू मळणारे एक आबा मला म्हणाले, ‘पोरी, तुझं खरं हाय. पर आमचं नाव घालू नगो.’ मी त्यांना हक्कावर भाषण दिलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं, पाणी दिलं आणि पुन्हा तेच म्हणाले. वाडीचा मला राग आला नाही, असं मी म्हणणार नाही. पण जास्त राग आला तो गरजू माणसाला मजुरी देऊन त्याचं तोंडही विकत घेतलं असं समजणाऱ्यांचा.

अर्ज फेटाळला गेला असता तर संपलंच होतं. धनगर परत आले असते ते बंद गेटावर, आणि एकदा ‘वाट नव्हती’ असं सरकारी शिक्क्यानं ठरलं की ती पुन्हा असायला दोन पिढ्या गेल्या असत्या.

स्थळपाहणीला तहसीलदार स्वतः आल्या. मध्यमवयीन, कमी बोलणाऱ्या बाई. बरोबर तलाठी. मालक काळा चष्मा लावून, त्याचा वकील पांढऱ्या गाडीतून. वाडी सगळी हजर होती, पण लांबून. कोणी ओट्यावर, कोणी भिंतीवर, जवळ एकही नाही.

‘अर्जदार तुम्हीच ना?’ तहसीलदार मॅडमनी विचारलं. ‘दाखवा वाट. इथून कशी जाते?’

सिस्टरांनी पदर खोचला, पिशवी पाठीवर चढवली आणि तडक उलट्या बाजूला चालू लागल्या.

मी हळूच ‘उजवीकडं’ म्हटलं, तर मॅडम गर्रकन वळल्या. ‘तुम्ही सांगायचं नाही.’ मागून सगळं सरकार चालतंय आणि पुढं सिस्टर, मान ताठ. एका गोठ्याला वळसा घातला, कडब्याच्या गंजीमागून गेल्या आणि उकिरड्यापाशी जाऊन थांबल्या. पुढं वाटच नव्हती. तिथल्या कोंबड्यासुद्धा चकित झाल्या असाव्यात.

वकिलाला तर सणच झाला. ‘मॅडम, याची नोंद घ्यावी. अर्जदारांना स्वतःलाच वाट सापडत नाही. असती तर सापडली असती ना.’ मालक चष्म्यामागून हसला.

सिस्टर जराही ओशाळल्या नाहीत. त्यांनी नेहमीसारखं इकडंतिकडं बघितलं. भिंतीला टेकलेले आबा दिसले, नाव घालू नको म्हणणारे. त्यांच्याकडे जाऊन सिस्टर शेजारी उभ्या राहिल्या.

‘आवं आबा, बिरोबाला वाट कुठनं?’

आबांच्या तळव्यावर तंबाखू होती. ती सांडू नये म्हणून त्यांनी आधी कोपर उचललं आणि मग दुसरा हात लांब केला. ‘माघारी फिरा. त्या बोळातनं खाली, आन् चिंचंखालनं.’

एवढं बोलून झाल्यावर आबांना कळलं आपण काय केलं ते. हात हवेतच राहिला. पण त्यांनी तो खाली घेतला नाही. त्यांचा जबाब कोणी मागितलाच नव्हता. एका बाईनं वाट विचारली होती, आणि वाट विचारणाऱ्याला ‘ठाऊक नाही’ म्हणायचं, हे त्या माणसाच्यानं होणार नव्हतं.

सिस्टर बोळातून निघाल्या. वळणावर एक बाई राखेनं भांडी घासत होती. ‘मावशी, बिरोबाला वाट कुठनं?’ मावशीनं राखेचा हात चिंचेकडे केला. पुढं एकजण मोटारसायकल उलटी करून बसला होता; पान्यानंच दिशा दाखवली. चौथ्याला विचारायच्या आतच त्यानं हात केला आणि वर म्हणाला, ‘सिस्टर, आवंदा लय दिसांनी?’

‘तलाठी, लिहून घेताय ना?’ मॅडम चालता चालता म्हणाल्या.

वकील पुढं धावला. ‘मॅडम, ह्याला जबाब म्हणता येणार नाही.’

‘मी कुठं जबाब घेतेय? लोक वाट सांगतायत. तेवढं लिहितोय.’

असं करत आम्ही गेटापाशी आलो. बंद गेट, पाटी, आणि टोपी घातलेला तात्या. वाडी एव्हाना ओट्यांवरून उतरून आमच्या मागं आली होती. मालक तात्याच्या अगदी समोर जाऊन उभा राहिला, छाती काढून. पगार देणारा माणूस जसा उभा राहतो तसा.

सिस्टर त्याला वळसा घालून तात्याच्या शेजारी गेल्या. खांद्याला खांदा.

‘आवं तात्या, बिरोबाला वाट कुठनं?’

तात्या मालकाकडे बघेना, सिस्टरांकडे बघेना. मला ओरडावंसं वाटत होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी ओरडले नाही.

‘सिस्टर,’ तात्या शेवटी म्हणाला, ‘दर खेपंला काय इचारता वो तेच तेच? ह्या गेटातनं आत. ती झाडं लावल्यात न्हवं, त्येच्या मधनं. पुढं वगळ लागंल, ती वलांडली का खडकातनं वरपातूर खुरांची वाट हाय.’

‘तुला कामावर कोणी ठेवलंय?’ मालकानं विचारलं.

‘तुमीच ठिवलंय मालक. पर बाई वाट इचारतीया. काय सांगू, ठावं न्हाई म्हणू? माझा जलम ह्या डोंगराखाली गेला.’

त्यानं कडी काढली. गेट किरकिरत उघडलं आणि सिस्टर हिरवळीवरून पांढऱ्या बुटांनी चालत गेल्या. ओघळापलीकडे कुंपण संपत होतं आणि तिथं, जिथवर जेसीबी पोचला नव्हता, खडकात ती होती. मेंढरांच्या पिढ्यांनी घासून गुळगुळीत केलेली, आडवी-तिडवी वर चढत गेलेली वाट. मॅडमनी वाकून त्या खोलगट खडकावर हात फिरवला. मग चढायला लागल्या. माथ्यावर पोचेपर्यंत त्यांना धाप लागली. सिस्टरांनी त्यांचं मनगट धरलं, डोळे मिटले. ‘बीपी हाय तुमाला. बसा हितं. मीठ कमी करा.’ तहसीलदार मॅडम निमूट बसल्या. वारा सुटला होता. त्या बराच वेळ सांगलीच्या बाजूला बघत बसल्या होत्या, आणि खाली वकील गाडीचा दरवाजा उघडून तसाच उभा होता.

निकाल आमच्या बाजूनं लागला. वाट मोकळी करा, झाडं काढा, गेट हटवा. मी तो एका दमात वाचून काढला. सिस्टर म्हणाल्या, ‘परत वाच. ह्या खेपंला सावकाश.’

तात्याची नोकरी गेली. विजयाच्या पत्रकात असलं वाक्य गाळायची पद्धत आहे. मी गाळत नाही. तो आता पुन्हा शेळ्या राखतो आणि गेट होतं तिथं चिंचेखाली बसतो. सिस्टर सांगलीला लेकाकडे असतात, गुडघे बदलून घेतलेत. सांगलीत नदी आहे, रस्ते आहेत, सगळं आहे, डोंगर नाही. फोनवर त्या सांगतात, ‘हितं सगळं आडवं पडलंय गं.’ पण हे सगळं नंतरचं. मला सांगायचाय तो दिवस, ज्या दिवशी धनगर परत आले.

ज्येष्ठातला दिवस. वाडीला निरोप आदल्या दिवशीच लागला होता. आम्ही पोचलो तेव्हा बोळातून मेंढरं शिरत होती. पुढं त्यांची कारभारीण, हातात काठी, डोक्यावर बोचकं, उन्हानं काळवंडलेली, कोकणातून पायी आलेली. कुंपण आलं कधी आणि निघालं कधी, तिला काही माहीत नव्हतं. ती नेहमीच्या वाटेनं निघाली होती, इतकंच. सिस्टर कळपाच्या मधोमध शिरल्या होत्या. एक लंगडं कोकरू खांद्यावर घेऊन, त्याच्या पायाला लवकर पट्टी का बांधली नाही म्हणून कुणा धनगराला झापत होत्या. वाडीतली माणसं ओट्यांवरून खाली उतरली होती. आज कोणी लांब नव्हतं.

तेवढ्यात वरून, बंगल्याच्या बाजूनं, मालकाची गाडी आली. बाहेर पडायचा रस्ता आणि वाट जिथं एकमेकांना छेदतात, तिथं मेंढरं होती. गाडी थांबली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मेंढरांनी हॉर्न ऐकून घेतला आणि ती चालत राहिली. लोकरीचा, धुळीचा, लेंड्यांचा वास, घंटांचा आवाज, आणि डोंगर चढत गेलेली पांढरी-काळी ओळ. पुढची मेंढरं खडकाला लागली होती, आणि मागची अजून वाडीच्या बाहेरच होती.

मालकानं काच खाली केली. कारभारीण त्याच्या खिडकीपाशीच होती.

‘बाई, अजून किती आहेत?’

तिनं त्याच्याकडे बघितलं. कोण माणूस आहे, ते काही तिला कळलं नाही.

‘मागनं येत्यात,’ ती म्हणाली, आणि चढायला लागली.